‘रेफ्री, मोबाइलमध्ये बघा ना!’

आंबिवली, मोहने, टिटवाळा या पट्ट्यातही युरोपातले फुटबॉल सामने रात्री जागून पाहणारी मुले आहेत. त्यामुळे रविवारच्या सामन्यात गोलवरून वाद झाला, की कोणीतरी हवेत बोटांनी चौकोन काढून ‘व्हीएआर, व्हीएआर’ ओरडतोच. व्हीएआर म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफ्री, पडद्यासमोर बसून मैदानावरच्या रेफ्रीला मदत करणारा दुसरा रेफ्री. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या ‘आयएफएबी’ने मार्च २०१८ मध्ये ही पद्धत नियमांत घेतली आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात ती वापरली गेली. तिच्याबद्दलचे आपले बरेच समज मात्र क्रिकेटमधून आलेले आहेत.

गैरसमज : कर्णधाराने मागितले, की व्हिडिओ बघावाच लागतो.
वस्तुस्थिती : हा क्रिकेटचा डीआरएस झाला. व्हीएआरमध्ये खेळाडूला किंवा प्रशिक्षकाला मागणीचा हक्क नाही. महत्त्वाचे प्रसंग पडद्यासमोरचे रेफ्री आपणहून तपासतात. उलट चौकोन काढत रेफ्रीच्या मागे लागणाऱ्याला पिवळे कार्ड मिळू शकते. प्रशिक्षकाला मागणीचा हक्क देणारी ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही वेगळी, कमी खर्चाची पद्धत आहे. फिफाने ती २०२४ मध्ये महिलांच्या २० वर्षांखालील विश्वचषकात वापरून पाहिली.

गैरसमज : प्रत्येक फाउल तपासला जातो.
वस्तुस्थिती : २०१८ च्या नियमांनी व्हीएआरला चारच दारे उघडी ठेवली : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेले कार्ड. तिथेही चूक उघड दिसणारी हवी. दोन जाणकारांची दोन मते होतील असा प्रसंग असेल, तर मैदानावरचा निर्णय कायम राहतो. मध्यरेषेजवळच्या साध्या धक्काबुक्कीसाठी कोणी पडदा बघत नाही.

गैरसमज : निर्णय यंत्र देते, म्हणून चूक होत नाही.
वस्तुस्थिती : ऑफसाइडची रेषा आखायला यंत्र मदत करते. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. तरीही शेवटचा शब्द मैदानावरच्या रेफ्रीचाच असतो आणि माणूस चुकतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा गोल ऑफसाइड ठरवला गेला. तो वैध होता. पण मैदानावर गोल दिलाच आहे, असे समजून व्हीएआरने ‘तपासणी पूर्ण’ कळवले. चूक लक्षात आली तोवर खेळ सुरू झाला होता आणि नियमानुसार मागे जाता येत नव्हते.

गैरसमज : कतारविरुद्ध व्हीएआरने भारताचा घात केला.
वस्तुस्थिती : ११ जून २०२४ च्या त्या विश्वचषक पात्रता सामन्यात व्हीएआर नव्हतेच. मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली होती. नंतर चेंडू गोलरेषेबाहेर गेला, तो आत ओढून कतारने बरोबरीचा गोल केला आणि रेफ्रीने तो दिला. भारत १-२ असा हरला आणि पात्रतेच्या पुढच्या फेरीची संधी गेली. गोलआधी चेंडू बाहेर गेला होता का, हे तर व्हीएआर तपासतेच.

गैरसमज : भारतात व्हीएआर कधी आलेच नाही.
वस्तुस्थिती : ते आपल्या जवळच येऊन गेले. २०२२ च्या महिला आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि पुण्यात बालेवाडीला व्हीएआर होते. त्याच वर्षी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकातही ते होते. त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरूळलाच झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. आंबिवलीकराला ठाण्याला गाडी बदलून गाठता येईल असे हे मैदान. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत व्हीएआर नव्हते. कॅमेऱ्यांइतकाच खर्च प्रशिक्षित माणसांवर होतो आणि फिफाची लेखी परवानगीही लागते.

गैरसमज : आपल्या सामन्यात मोबाइलवरचा व्हिडिओ चालेल.
वस्तुस्थिती : चालणार नाही. परवानगी नसलेल्या स्पर्धेत रेफ्रीने व्हिडिओ बघून निर्णय बदलणे नियमबाह्य आहे. त्याला चूक सुधारता येते, पण लाइन्समनला विचारून आणि खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच. गोलनंतर मध्यावरून किक-ऑफ झाला, की तो गोल पक्का, मग प्रीमियर लीग असो की मोहन्याचे मैदान.

म्हणून स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्यांनी व्हीएआरची स्वप्ने बघण्याआधी प्रत्येक सामन्याला नियम जाणणारे दोन लाइन्समन उभे करावेत. चषकाची उंची थोडी कमी केली, तर त्यांचे मानधन सहज निघेल. आणि ज्यांना रेफ्रीच्या चुका बरोबर दिसतात, त्यांनी मोबाइल खिशात ठेवून रेफ्रीचा अभ्यासक्रम जरूर करावा. तशा नजरेच्या माणसांची मैदानावर गरज आहे.