ढगातील डोंगर

हिवाळ्यात पहाटे विष्णुपुरीच्या धरणावर तुम्ही कधी गेला आहात का? गोदावरीवर धुके दाटले म्हणजे पलीकडचा काठ दिसत नाही. ओळखीची झाडेसुद्धा दिसेनाशी होतात. सायकलवरचा माणूस अशा वेळी खाली उतरून चालू लागतो. विमान मात्र हवेत थांबू शकत नाही. ढग असो, धुके असो की काळोख असो, त्याला पुढे जावेच लागते. पुढे डोंगर असला तर काय होईल?

असा एक भयंकर अपघात आपल्याच महाराष्ट्रात झाला. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र होती. अलितालिया या इटलीच्या कंपनीचे एक मोठे जेट विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. ते सिडनीहून निघाले होते आणि रोमला जाणार होते. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत, असे वैमानिकाला वाटले. म्हणून त्याने विमान खाली आणले. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. खाली जुन्नरजवळचे सह्याद्रीचे डोंगर होते. सुमारे ३६०० फूट उंचीवर विमान डोंगराला धडकले. विमानातील ९४ माणसांपैकी एकही वाचला नाही.

चौकशीत आढळले की, वैमानिकाचा अंतराचा अंदाज चुकला होता. उर्दूत तुम्ही ज्याला ‘अंदाज़ा’ म्हणता, तोच हा मराठीतला ‘अंदाज’. जेट विमान उतरण्याच्या बेतात असतानाही मिनिटाला सहा-सात किलोमीटर सहज जाते. म्हणजे दहाबारा मिनिटांची चूक झाली, तर मुंबईऐवजी खाली जुन्नर येते!

तुम्ही विचाराल, विमानात उंची दाखवणारे यंत्र नसते का? असते. पण ते कसे चालते, हे समजून घ्यायला हवे. आपण जसजसे वर जातो, तसतसा हवेचा दाब कमी होतो. हा दाब मोजून ते यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते. नांदेड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंच आहे. म्हणून नांदेडच्या जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातही ते यंत्र साडेतीनशे मीटर दाखवील. आपल्या पायाखाली जमीन किती जवळ आहे, हे त्याला कळत नाही. ते वैमानिकाने नकाशा पाहून ठरवायचे असते. त्यासाठी आपण नकाशावर नेमके कोठे आहोत, हे आधी ठाऊक पाहिजे.

आपले शरीरही ढगात फसवते. एकदा डोळे मिटून स्वतःभोवती आठ-दहा फेऱ्या मारा आणि एकदम थांबा. थांबल्यावरही आपण फिरतच आहोत, असे वाटते. आपल्या कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला तोल समजतो. ढगात विमान हळूहळू वळत राहिले, तर काही वेळाने तो द्रव वळणाबरोबर फिरू लागतो. मग वैमानिकाला वाटते, आपण सरळच चाललो आहोत. म्हणून ढगात शिरल्यावर शरीराला काय वाटते ते सोडून केवळ यंत्रांकडे पाहायचे, असे वैमानिकांना शिकवतात. हे ऐकायला सोपे वाटते. करणे फार अवघड आहे.

मोठी विमाने निदान ढगांच्या वरून जाऊ शकतात. लहान विमाने आणि हेलिकॉप्टर यांना बहुधा खालूनच, डोंगरांच्या जवळून जावे लागते. तेथे वारा डोंगराच्या एका बाजूने वर चढतो आणि दुसऱ्या बाजूने खाली कोसळतो. वादळी ढगातही हवेचे असेच जोरदार खालचे झोत असतात. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी हैदराबादहून हेलिकॉप्टरने चित्तूर जिल्ह्याकडे निघाले. वाटेत नल्लमलाच्या जंगलावर दाट ढग होते. तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा मिळाला आणि वैमानिक त्यावरचा उपाय पुस्तकात शोधू लागले. तेवढ्यात हेलिकॉप्टर खराब हवेत शिरले आणि खालच्या झोताने कोसळले. पाचही जण मरण पावले. जंगल इतके दाट की, अवशेष सापडायला दुसरा दिवस उजाडला.

जुन्नरच्या अपघातानंतर काही वर्षांनी डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने एक यंत्र तयार केले. ते रेडिओलहरी जमिनीकडे सोडते. त्या किती वेळात परत येतात, यावरून खरी उंची कळते. जमीन झपाट्याने जवळ येऊ लागली की यंत्र ओरडते, ‘पुल अप! पुल अप!’, म्हणजे ‘वर चला!’ पुढे १९९० नंतरच्या काळात त्याला डोंगरांचा नकाशाही जोडला गेला.

सर्वच लहान विमानांत हे यंत्र नसते. परंतु ढगातून जाणाऱ्या प्रत्येक विमानासाठी एक जुना नियम आहे. वाटेतील सर्वांत उंच ठिकाण नकाशावर पाहायचे आणि डोंगराळ प्रदेशात त्याच्याही वर २००० फूट राहायचे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५४०० फूट आहे. म्हणजे त्याच्यावरून जाताना ७४०० फुटांखाली यायचे नाही. मुंबईचे दिवे दिसोत वा न दिसोत, सह्याद्री मागे पडल्याची खात्री झाल्यावरच विमान खाली आणायचे.