जुन्या संगणकात नवा प्रोसेसर : दोष कसा शोधावा?

जुना संगणक वेगवान व्हावा म्हणून प्रोसेसर बदलला जातो. दुकानात यंत्र नीट सुरू होते, पण घरी अर्ध्या तासात स्क्रीन गोठते किंवा यंत्र आपोआप रीस्टार्ट होते. प्रोजेक्टची फाइल जाते आणि पालकांचे पैसेही. कॅडेट मित्रांनो, अशा वेळी अंदाजाने सुटे भाग विकत घेऊ नका. क्रमाने तपासणी करा.

प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे तो चालेलच असे नाही. कोअर टू ड्युओ ई७५०० आणि कोअर टू क्वाड क्यू६६०० हे दोन्ही एलजीए ७७५ सॉकेटचे. मात्र कंपनीने पहिल्यासाठी ६५ वॅट उष्णता धरली आहे, तर दुसऱ्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीसाठी १०५ वॅट. हा वाढीव भार जुना पंखा, मदरबोर्डची वीजव्यवस्था आणि एसएमपीएस या तिघांवर पडतो.

तपासणीचा क्रम असा ठेवा :

१. सर्व फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

२. मदरबोर्डवर छापलेला मॉडेल व आवृत्ती क्रमांक पाहा. कंपनीच्या यादीत नवा प्रोसेसर आहे का आणि त्याला कोणते बायोस लागते, ते तपासा. बायोस जुना प्रोसेसर बसवूनच अद्ययावत करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस वापरा.

३. वीज बंद करून, प्लग काढून कूलर उघडा. धूळ झाडा, जुनी थर्मल पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा. कूलरचे चारही पाय घट्ट बसले पाहिजेत.

४. रॅमची एकच पट्टी ठेवून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. मग दुसरी पट्टी तपासा.

५. शक्य असल्यास चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहा.

लक्षणेही दिशा दाखवतात. काही वेळाने यंत्र मंदावून बंद पडले तर आधी उष्णतेचा संशय घ्या. जड काम सुरू करताच रीस्टार्ट झाले तर विजेचा.

आपल्या कांचघरात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंशांपुढे जाते. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत तेच काम करताना सुमारे ८५ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे हिवाळ्यात पास झालेले यंत्र उन्हाळ्यात नापास होऊ शकते. चाचणी भर दुपारी घ्या.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही. सर्वात खात्रीची कसोटी शेवटची : जुना प्रोसेसर परत बसवा. तरीही यंत्र बंद पडले, तर दोष नव्या प्रोसेसरचा नाही. जुन्यावर ते स्थिर राहिले, तर नवा प्रोसेसर सदोष आहे किंवा त्याचा भार बोर्डाला पेलत नाही. म्हणून जुना प्रोसेसर विकण्याची घाई करू नका.

बोर्डाला भार पेलत नसेल तर जुनाच प्रोसेसर ठेवून एसएसडी बसवा. रोजच्या अभ्यासाच्या कामात तेवढ्यानेही वेग चांगला वाढतो.