सर्वधर्मसमभाव आणि व्यक्तीचे धर्मस्वातंत्र्य : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात इस्लामविषयक इहवादी विचार

प्रस्तावना :
भारतीय राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क मानला आहे. तथापि हे स्वातंत्र्य धर्माचे की धर्म पाळणाऱ्या (अथवा न पाळणाऱ्या) व्यक्तीचे, या प्रश्नाचे उत्तर सार्वजनिक चर्चेत बहुधा संदिग्ध राहते. इस्लामविषयीच्या चर्चेत तर एकीकडे संपूर्ण समाजावर आरोप आणि दुसरीकडे त्या समाजातील अन्यायाविषयी मौन, अशी दोन टोके दिसून येतात. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्यातील सर्वधर्मसमभावाची परंपरा आणि हमीद दलवाई यांचा इहवादी विचार यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

वर्ध्याची परंपरा :
वर्धा जिल्ह्यात सर्वधर्मसमभाव ही केवळ ग्रंथातील संकल्पना राहिली नाही. महात्मा गांधी 1936 मध्ये सेगाव येथे राहावयास आले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले गेले. आश्रमाच्या प्रार्थनेत अन्य धर्मांच्या प्रार्थनांबरोबर कुराणातील आयतांनाही स्थान होते. 1934 मध्ये खान अब्दुल गफारखान वर्ध्यास वास्तव्यास होते. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमची रूपरेषा ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे होते. पवनारचे आचार्य विनोबा भावे यांनी कुराण मुळातून वाचता यावे यासाठी अरबी भाषेचा अभ्यास केला व पुढे त्यातील निवडक वचनांचा 'कुराण-सार' हा संग्रह सिद्ध केला. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील शेख फरीद यांच्या दर्ग्यावर हिंदू आणि मुस्लिम असे दोन्ही समाजांचे भाविक येतात. म्हणजेच थोरांच्या विचारात जो समभाव होता, तो लोकजीवनातही रुजलेला होता.

या परंपरेचे मोल मोठे आहे. परंतु तिची एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. समभाव म्हणजे एका धर्मीयाने दुसऱ्याच्या धर्माचा आदर करणे. मात्र धर्माच्या वतीने बोलण्याचा अधिकार बहुधा धर्मगुरूंकडे आणि समाजातील प्रतिष्ठित पुरुषांकडे असतो. अशा वेळी त्याच धर्मातील स्त्री न्याय मागू लागली, तर आदर कोणाचा करावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. गांधीजींना या प्रश्नाची जाणीव होती. 1925 मध्ये काबूल येथे अहमदिया पंथीयांना दगडांनी ठार मारण्याची शिक्षा देण्यात आली, तेव्हा त्यांनी 'यंग इंडिया'मधून तिचा निषेध केला. कोणत्याही धर्मातील आज्ञा विवेकाच्या कसोटीवर उतरली पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती.

हमीद दलवाई यांची भूमिका :
विवेकाच्या या कसोटीला संघटित चळवळीचे रूप महाराष्ट्रात हमीद दलवाई (1932-1977) यांनी दिले. चिपळूणजवळील मिरजोळी येथे जन्मलेल्या या मराठी कथाकाराने 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही त्यातील प्रमुख मागणी होती. संख्या अवघी सात असली, तरी ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्या स्त्रियाच त्यात बोलत होत्या, हे त्या मोर्चाचे महत्त्व होय. पुढे 22 मार्च 1970 रोजी पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. मंडळाचे नाव महात्मा फुले यांच्या परंपरेशी नाते सांगते.

दलवाई यांनी मुस्लिम जमातवादाची चिकित्सा केली, तशी हिंदू जमातवादाचीही केली. त्यांच्या दृष्टीने सर्वांचा आदर करणारे राज्य पुरेसे नव्हते; जन्माने कोणत्याही धर्मात असलेल्या नागरिकाला समान हक्क देणारे राज्य हवे होते.

राज्यघटना आणि न्यायालय :
राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये हे स्वातंत्र्य 'सर्व व्यक्तींना' दिलेले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि अन्य मूलभूत हक्कांच्या अधीन असून समाजसुधारणेसाठी कायदा करण्याचा राज्याचा अधिकारही त्यात राखून ठेवलेला आहे. अनुच्छेद 26 धर्मसंप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार पाहण्याचा हक्क देतो. या दोहोंतील ताण 1985 च्या शाहबानो निकालानंतर तीव्रतेने प्रकट झाला.

22 ऑगस्ट 2017 च्या शायरा बानो निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका वेळी तीनदा उच्चारलेला तलाक 3 विरुद्ध 2 अशा बहुमताने रद्द ठरविला. बहुमतातील न्यायमूर्ती दोन भिन्न मार्गांनी या निष्कर्षाप्रत आले. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी ही प्रथा मनमानी असल्याने समानतेच्या हक्काचा भंग करते, असे म्हटले, न्या. कुरियन जोसेफ यांनी ती कुराणाच्याच विरुद्ध असल्याचे प्रतिपादन केले. पहिला मार्ग दलवाई यांच्या इहवादाशी, तर दुसरा विनोबांप्रमाणे मूळ ग्रंथापर्यंत जाण्याच्या वृत्तीशी जवळीक साधतो. दोन्ही मार्ग एकत्र आले म्हणूनच बहुमत झाले, ही बाब अर्थपूर्ण आहे.

2019 च्या कायद्याने अशा तलाकासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. पती तुरुंगात गेल्यास पत्नीच्या पोटगीचे काय, हा आक्षेप स्त्री-हक्काच्या पुरस्कर्त्यांकडूनही घेतला गेला. सुधारणेचा हेतू स्त्रीला न्याय देण्याचा आहे की समाजाला शिक्षा करण्याचा, हे तपासत राहणे हाही इहवादी दृष्टीचाच भाग होय.

समारोप :
समभावाशिवाय केलेली धर्मचिकित्सा सहजच द्वेषाचे साधन बनते, तर चिकित्सेशिवायचा समभाव दुर्बलांवरील अन्यायाला आश्रय देतो. वर्ध्याने पहिल्या गोष्टीचा वारसा दिला आहे. दुसरीचा अभ्यास होणे बाकी आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत सेवाग्राम आणि पवनारबरोबरच दलवाई आणि सत्यशोधक मंडळाचे कार्य अभ्यासले गेले, तर धर्म पाळणारी, तो निराळ्या रीतीने समजून घेणारी आणि तो सोडणारी, अशा तिन्ही प्रकारच्या विद्यार्थिनींना वर्गात सारख्याच निर्भयतेने बोलता येईल. धर्मस्वातंत्र्याची खरी कसोटी ही निर्भयता होय.