चित्रांच्या दोन पेट्या

मुलांना चित्रकला कशासाठीं शिकवावयाची? तीं पुढें चित्रकार व्हावींत म्हणून, असें उत्तर सामान्यतः दिलें जातें. मग समोरची वस्तु ज्याच्या कागदावर हुबेहूब उतरेल तो हुशार आणि बाकीचे निरुपयोगी, अशी विभागणी पहिल्याच तासाला होऊन जाते. फ्रीडल डिकर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीनें या प्रश्नाचें अगदीं निराळें उत्तर दिलें. आणि तें अशा ठिकाणीं दिलें, कीं जेथें मुलांच्या उद्यांची कोणतीच शाश्वती उरली नव्हती.

फ्रीडलबाईंचा जन्म ३० जुलै १८९८ रोजीं व्हिएन्ना येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. लहानपणींच आई वारली. वडील लेखनसाहित्याच्या दुकानांत नोकरीस होते. मुलांना मोकळेपणीं चित्रें काढूं द्यावींत असें सांगणारे फ्रान्झ चिझेक हे त्यांचे एक शिक्षक. पुढें योहानेस इटेन यांच्या शाळेंत त्या दाखल झाल्या, आणि १९१९ सालीं इटेन जर्मनींतील वायमार येथें नव्यानें निघालेल्या बाउहाउस या कलाशाळेंत गेले तेव्हां त्यांच्यामागोमाग त्याही गेल्या. तेथें त्या १९२३ पर्यंत होत्या.

इटेन यांची शिकविण्याची तऱ्हा आगळी होती. पेन्सिल हातीं धरण्यापूर्वीं ते विद्यार्थ्यांकडून श्वासाचे व अंगाच्या हालचालींचे व्यायाम करवीत. निरनिराळे पदार्थ हातानें चांचपून त्यांचे गुण ओळखावयास लावीत. जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांतील रेषांची व छायाप्रकाशाची मांडणी उलगडून दाखवीत. आधीं अनुभव आणि मग रेषा, असें या पद्धतीचें सार सांगतां येईल. हा धडा फ्रीडलबाईंनीं जन्मभर जपला.

पुढें फ्रान्झ सिंगर यांच्या भागीदारींत त्यांनीं व्हिएन्नांत कार्यशाळा चालविली. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरांत जागेची फार टंचाई होती. म्हणून एकावर एक रचून ठेवतां येणाऱ्या खुर्च्या, घडी घालतां येणारें सामान, अशा जागा वांचविणाऱ्या वस्तु त्यांनीं योजिल्या. व्हिएन्ना नगरपालिकेच्या गटेहोफ या वसाहतींत मॉंटेसोरी पद्धतीची एक बालशाळा होती. तिची अंतर्गत रचनाही याच दोघांची.

परंतु काळ पालटत होता. १९३४ सालीं कम्युनिस्ट चळवळीशीं असलेल्या संबंधामुळें फ्रीडलबाईंना अटक झाली. त्या अनुभवांतून 'चौकशी' या नांवाचीं चित्रें निर्माण झालीं. सुटकेनंतर त्या प्रागला गेल्या व १९३६ मध्यें पावेल ब्रँडाइस यांच्याशीं विवाहबद्ध झाल्या. येथें त्यांची कला पालटली. बाउहाउसच्या कठोर आकृति मागें पडल्या. त्यांच्या जागीं माणसांचे चेहरे, खिडकीबाहेरचा देखावा, फुलें हे विषय आले. निर्वासितांच्या मुलांना त्या चित्रकला शिकवूं लागल्या. पॅलेस्टाइनला जाण्याची संधि असूनही पतीला सोडून त्या गेल्या नाहींत.

डिसेंबर १९४२ मध्यें नाझींनीं या पतिपत्नींची रवानगी टेरेझीन येथें केली. सम्राट् दुसरा योसेफ याच्या काळांतील त्या तटबंदीच्या गांवाचें नाझींनीं १९४१ सालीं ज्यूंच्या बंदिवासांत रूपांतर केलें होतें. तेथें मुलांना शिक्षण देण्यास बंदी होती. चित्रें काढण्यास मात्र आडकाठी नव्हती. एवढ्याशा फटींतून फ्रीडलबाईंनीं एक शाळाच उभी केली. चित्रांसाठीं कचेऱ्यांतील छापील नमुन्यांची मागची कोरी बाजू, वेष्टनाचे तुकडे, जें मिळेल तें चाले. ताल धरून रेषा काढावयाच्या, एकाद्या गोष्टींतल्या वस्तु आठवून चितारावयाच्या, कागदाचे कपटे चिकटवून चित्र रचावयाचें, असे त्यांचे पाठ असत.

१९४३ सालीं तेथील शिक्षकांपुढें त्यांनीं मुलांच्या चित्रकलेवर व्याख्यान दिलें. त्याचा आशय असा: या तासाचा हेतु सर्वांना चित्रकार करणें हा नसून मुलांच्या ठायींची निर्मितीची व स्वतंत्र विचाराची शक्ति मोकळी करणें हा आहे. मुलांना घाईघाईनें आपल्यासारखें करून टाकण्याचा आग्रह मोठ्यांनीं धरूं नये. चित्र चांगलें कीं वाईट, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें गौण होता.

एक नियम मात्र त्यांनीं कटाक्षानें पाळला. प्रत्येक मुलानें आपल्या चित्रावर आपलें नांव लिहावयाचें. टेरेझीनला येणाऱ्या प्रत्येक माणसाला क्रमांक दिलेला असे. जेथें माणूस क्रमांकानें ओळखला जात होता, तेथें या साध्या नियमाला केवढा अर्थ होता!

सप्टेंबर १९४४ मध्यें पावेल यांना टेरेझीनहून हलविण्यांत आलें. त्यांच्या पाठोपाठ जाण्यासाठीं फ्रीडलबाईंनीं आपलें नांव आपण होऊन दिलें. ऑक्टोबरच्या आरंभीं त्या ऑश्विट्झला नेल्या गेल्या व तेथेंच मारल्या गेल्या. पावेल वांचले. जाण्यापूर्वीं बाईंनीं मुलांचीं सुमारें ४,५०० चित्रें दोन पेट्यांत भरून ठेविलीं होतीं. स्वतःचीं चित्रें त्यांनीं इतक्या काळजीनें जपलीं नव्हतीं.

युद्ध संपल्यावर १९४५ सालीं विली ग्रोआग यांनीं त्या पेट्या प्राग येथील ज्यू समाजाच्या स्वाधीन केल्या. आज तीं चित्रें प्रागच्या ज्यू वस्तुसंग्रहालयांत आहेत. तीं काढणाऱ्या मुलांपैकीं बहुतेक मारलीं गेलीं. जीं थोडीं वांचलीं त्यांत पुढें चित्रकार किती झालीं, या हिशेबानें त्या शाळेचें मोल ठरत नाहीं. कोपऱ्यांत कांपऱ्या अक्षरांत लिहिलेल्या नांवांमुळें तीं मुलें आजही आपल्याला एकेक करून ओळखतां येतात. मुलांना चित्रकला कशासाठीं शिकवावयाची, या प्रश्नाचें उत्तर त्या दोन पेट्यांत होतें.