फुटबॉलचे मास्तर आणि ओला तापमापक

फुटबॉल म्हटले की आपल्याला कोल्हापुरातील तालीम संघांचे किंवा गोव्यातील सामने आठवतात. अमेरिकेत मात्र ‘फुटबॉल’ या नावाने एक निराळाच खेळ ओळखला जातो. त्यातील चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. खेळाडू तो बहुधा हातांत धरून पळतात किंवा फेकतात आणि प्रतिपक्षाचे खेळाडू पळणाऱ्याच्या अंगावर जाऊन त्याला खाली पाडतात. या टकरा सोसता याव्यात म्हणून डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर कठीण पॅड, मांड्यांवर व गुडघ्यांवर गाद्या असा सारा जामानिमा अंगावर चढवावा लागतो. तेथील नववी ते बारावीच्या वर्गांतील सुमारे दहा लाख मुले हा खेळ खेळतात. शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात शाळाशाळांचे सामने रंगतात आणि लहान गावांत तर सारा गाव मैदानावर लोटतो.

या मुलांना खेळ शिकविणारा प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी शाळेतलाच एक शिक्षक असतो. दिवसा तो इतिहास किंवा गणित शिकवितो. शाळा सुटली की त्याचा दुसरा दिवस सुरू होतो. हेल्मेटांचे पट्टे तपासायचे, मुरगळलेले घोटे पाहायचे, अभ्यासात मागे पडून संघाबाहेर जाण्याच्या बेतात असलेल्या मुलाची समजूत घालायची, मागच्या सामन्याची चित्रफीत पाहून चुका टिपायच्या, आणि “आमच्या मुलाला का खेळवत नाही?” म्हणून आलेल्या पालकांना उत्तर द्यायचे. या कामांतल्या बऱ्याच चुका पुढच्या आठवड्यात सुधारता येतात. एक चूक मात्र सुधारता येत नाही. ती घडते ऑगस्ट महिन्यात, सामने सुरू होण्यापूर्वीच्या सरावात. त्या वेळी जॉर्जिया, टेक्सस, फ्लोरिडा या दक्षिणेकडील राज्यांत कडक उन्हाळा असतो. सराव केव्हा थांबवायचा हे प्रशिक्षकाला कळले नाही, तर एखादा धडधाकट मुलगा उष्माघाताने दगावू शकतो. अशा दुर्घटना तेथे वारंवार घडल्या आहेत. त्या का घडतात आणि कशा टाळता येतात, हे आपण पाहू.

अंगातली भट्टी

आपले स्नायू हे एक प्रकारचे इंजिनच आहे आणि कोणत्याही इंजिनाप्रमाणे तेही तापते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातील फार तर चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ७० किलो वजनाचा मुलगा जोराने पळत असेल, तर तो दर मिनिटाला सुमारे १० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. त्यातील जवळजवळ ८ किलोकॅलरी उष्णतेच्या रूपाने शरीरात जमतात.

आता थोडे गणित करू. शरीराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे सुमारे ०.८३ आहे. त्यामुळे ७० किलोच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास ७० × ०.८३, म्हणजे सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. मिनिटाला ८ किलोकॅलरी जमत असतील, तर एवढी उष्णता सात-साडेसात मिनिटांत जमा होईल. उष्णता बाहेर जाण्याची काहीच सोय नसती, तर ३७ अंशांवर असलेले शरीर बावीस-तेवीस मिनिटांत ४० अंशांवर पोहोचले असते. उष्माघाताची धोक्याची रेषा हीच. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि त्याबरोबर मेंदूचे काम बिघडू लागले, की त्या स्थितीला उष्माघात म्हणतात.

घाम कशाने गार करतो?

सुदैवाने शरीराजवळ उष्णता बाहेर टाकण्याची उत्तम सोय आहे. रक्त आतली उष्णता त्वचेपर्यंत आणते, त्वचेवर घाम येतो आणि तो वाळताना उष्णता घेऊन जातो. मातीच्या माठातील पाणी याच रीतीने गार होते. १ ग्रॅम घामाची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे १ लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाईल. आपल्या खेळाडूच्या अंगात तासाला ४८० किलोकॅलरी जमतात, हे लक्षात घेतले तर ८०० ते ८५० मिलिलिटर घाम त्याला पुरावा.

पण यात एक अट आहे. घाम वाळला पाहिजे. जो घाम टपटप खाली गळतो, तो शरीरातील पाणी नेतो, उष्णता नेत नाही. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही. नागपूरला मे महिन्यात कूलर खोली झकास गार करतो. तोच कूलर मुंबईला लावला तर खोली नुसती दमट होते. त्याचे कारणही हेच. अमेरिकेच्या दक्षिण भागातील उन्हाळा पुष्कळसा मुंबईसारखा दमट असतो. त्यात हेल्मेट, पॅड आणि जाड कपडे यांच्याखाली वारा पोहोचत नाही. तेथील घाम वाळणार तरी कसा?

थोराड खेळाडूचा तोटा

या दुर्घटनांत सापडणारे खेळाडू बहुधा आघाडीच्या फळीतील, अंगाने सर्वांत थोराड असतात. त्यामागे साधी भूमिती आहे. १ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे घनफळ १ आणि पृष्ठफळ ६. आता २ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ ८ झाले, पण पृष्ठफळ २४ च. पहिल्या घनात प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होता. दुसऱ्यात तो ३ वर आला. उष्णता निर्माण होते ती शरीराच्या वस्तुमानानुसार आणि बाहेर पडते ती त्वचेच्या क्षेत्रफळातून. म्हणून १२० किलोचा मुलगा ६० किलोच्या मुलाबरोबर त्याच वेगाने पळू लागला, तर तो लवकर तापतो. सर्वांत दणकट दिसणाऱ्या मुलावरच प्रशिक्षकाची नजर अधिक असावी लागते.

“पाणी मागतो तो कच्चा!”

पूर्वी अनेक प्रशिक्षकांची समजूत अशी होती, की सरावात पाणी दिले तर मुले नाजूक होतात. १९५४ साली टेक्सस ए. अँड एम. या महाविद्यालयाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी आपला संघ जंक्शन या गावी शिबिरासाठी नेला होता. रखरखीत उन्हातील त्या सरावात मुलांना पाणी मिळत नसे. कित्येक खेळाडू शिबिर सोडून गेले आणि एकाला उष्माघात झाला. दोन वर्षांनी, १९५६ साली, याच महाविद्यालयाच्या संघाने आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले. मग पाण्यावाचून केलेल्या सरावामुळेच संघ पोलादी झाला, अशी दंतकथा पसरली. पण १९५४ च्याच हंगामात या संघाने दहापैकी फक्त एक सामना जिंकला होता, हे सांगायला लोक विसरतात.

तहान सोसण्याची सवय शरीराला लागत नाही. घामावाटे पाणी गेले की रक्ताचे आकारमान घटते. मग स्नायूंना प्राणवायू पुरवायचा की त्वचेपर्यंत उष्णता न्यायची, अशी ओढाताण सुरू होते. हृदय अधिक वेगाने धडधडते आणि घामही कमी येऊ लागतो. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंसाठी पाणी, क्षार व साखर यांचे एक पेय तयार केले. विद्यापीठाच्या ‘गेटर्स’ संघावरून त्याचे नाव ‘गेटोरेड’ पडले. खेळाडूला पाणी पाजणे हा लाड नव्हे, हे त्यानंतर हळूहळू लोकांना पटू लागले. याची दुसरी बाजूही आहे. तहान नसताना पोटात कित्येक लिटर पाणी ढकलले तर रक्तातील सोडियम पातळ होते आणि तेही जिवावर बेतू शकते.

चौदा दिवसांची शिडी

उष्माघाताच्या घटना सरावाच्या पहिल्या काही दिवसांतच अधिक का घडतात? कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला वेळ लागतो. रोज थोडा वेळ उष्ण हवेत व्यायाम केला, तर दहा ते चौदा दिवसांत शरीरात अनेक बदल होतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, घामावाटे मीठ कमी जाते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण सुटीभर पंख्याखाली बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सकाळी व दुपारी असा दोनदा पूर्ण पोषाखात पळविले, तर हे बदल व्हायला अवकाशच मिळत नाही.

म्हणून २००९ साली तेथील क्रीडावैद्यक क्षेत्रातील संस्थांनी मिळून शाळांसाठी चौदा दिवसांचा क्रम सुचविला. पहिले पाच दिवस रोज एकदाच सराव. त्यात पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, नंतरचे तीन दिवस हेल्मेट व खांद्यांचे पॅड. सहाव्या दिवसापासून पूर्ण पोषाख. एखाद्या दिवशी दोनदा सराव झाला, तर दुसऱ्या दिवशी एकदाच घ्यायचा.

काळा गोल आणि ओला तापमापक

आता मुख्य प्रश्न. आज सराव घ्यावा की नाही, हे कशावरून ठरवायचे? साधा तापमापक येथे अपुरा पडतो, कारण तो हवेतील बाष्पाविषयी काही सांगत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करातील नवशिक्या सैनिकांना कवायतीच्या वेळी उष्माघात होत असे. तो टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी तीन तापमापकांचा एक संच योजला. पहिला साधा, सावलीतील. दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेले. तो घाम किती वाळेल ते सांगतो. तिसरा काळ्या रंगाच्या पोकळ गोलात बसविलेला. तो उन्हाचा ताप दाखवितो. यांपैकी ओल्या तापमापकाच्या आकड्याला ०.७ ने, काळ्या गोलातील आकड्याला ०.२ ने आणि साध्या तापमापकाच्या आकड्याला ०.१ ने गुणून बेरीज करतात. सर्वांत मोठा वाटा ओल्या तापमापकाचा, हे ध्यानात घ्या.

समजा, साधा तापमापक ३४, काळा गोल ४५ आणि ओला तापमापक २७ अंश दाखवितो. तर १८.९ + ९ + ३.४ = ३१.३. दुसऱ्या दिवशी बाकी सारे तसेच आहे, पण हवा दमट होऊन ओला तापमापक ३० वर गेला. आता बेरीज झाली ३३.४. जॉर्जिया राज्यातील शाळांनी २०१२ साली जे नियम लागू केले, त्यांनुसार पहिल्या दिवशी कमी पोषाखात, अधूनमधून विश्रांती देऊन, जास्तीत जास्त दोन तास सराव घेता येईल. दुसऱ्या दिवशी मात्र मैदानावर सराव घेताच येणार नाही, कारण ३३.३ च्या वर सारे बंद! दोन्ही दिवशी साधा पारा ३४ वरच होता. हे नियम लागू झाल्यावर तेथे उष्णतेमुळे होणाऱ्या आजारांचे प्रमाण घटल्याचे आढळले.

नियमामुळे प्रशिक्षकाचे एक ओझेही हलके होते. शुक्रवारी सामना आहे, संघ कच्चा आहे, गावकरी कुंपणाशी उभे आहेत. अशा वेळी “आज पुरे” म्हणणे सोपे नसते. आकडा पुढे असला की वाद राहत नाही.

आधी गार करा

एवढे करूनही एखादा मुलगा कोसळला तर? १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा २७ वर्षांचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर उष्माघाताने मरण पावला. आदल्या दिवशी तो सरावानंतर कोसळला होता. त्याच्या नावाने २०१० साली कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था स्थापन झाली. अशा मृत्यूंना आळा घालणे हे तिचे काम. तिचा मुख्य उपदेश असा : आधी गार करा, मग रुग्णालयात न्या. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेले मोठे टब तयार ठेवायचे. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा कोसळला, की त्याचे हेल्मेट व पॅड काढून, तोंड पाण्याबाहेर ठेवून, त्याला मानेपर्यंत त्यात बसवायचे, पाणी ढवळत राहायचे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत चुकीची आहे. खेळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते.

या उपायाचे फळ पाहा. मॅसॅच्युसेट्स राज्यात फॅलमथ येथे दरवर्षी उन्हाळ्यात धावण्याची शर्यत होते. तेथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्याने उपचार झाले, आणि सर्वच्या सर्व वाचले.

करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीचे ओले फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगून पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला आणि आकडे वहीत लिहा. मे महिन्यात, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात हाच प्रयोग पुन्हा करा. दोन आकड्यांतील अंतर ज्या दिवशी कमी भरेल, त्या दिवशी घाम वाळणार नाही. अशा दिवशी कबड्डी असो की खो-खो, सराव सकाळी लवकर घ्यावा, मध्ये सावलीत बसावे आणि पाण्याची बादली मैदानावरच ठेवावी. वहीतले आकडे आपल्या खेळाच्या शिक्षकांना अवश्य दाखवा.