दार उघडतं कुणासाठी?
अमेरिकेत मुलांच्या फुटबॉलमध्ये वरच्या लीगची वाट क्लबांतून जाते. क्लबची फी, गणवेश, परगावचे सामने, तिथला मुक्काम, हा भार बहुतेक ठिकाणी पालकांवरच. या लीगमध्ये क्लबला जागा मिळते ती मुख्यतः लीगने निवडलं तर. खालच्या लीगमध्ये जिंकलं म्हणून आपोआप नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २००७मध्ये ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ ही अशीच एक लीग सुरू केली. २०१२पासून दहा महिन्यांचा हंगाम आला आणि तिथल्या बहुतेक मुलांना शाळेच्या संघातून खेळणं बंद झालं. शाळेचं मैदान हे मुलांसाठी सर्वांत जवळचं आणि स्वस्त. तेच तोडणं मला अन्यायाचं वाटतं. मुलींसाठी २००९पासून चालणाऱ्या ‘ईसीएनएल’ या लीगने मात्र शाळेचा खेळ चालू ठेवू दिला. एप्रिल २०२०मध्ये ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ बंद पडली. तिच्या जागी मुलग्यांसाठी ‘एमएलएस नेक्स्ट’ ही लीग आली.

व्यावसायिक क्लबांच्या बऱ्याच अकॅडमी आता फी घेत नाहीत, पण त्या मोजक्याच शहरांत आहेत.

विश्वविजेती गोलरक्षक होप सोलो हिने २०१८मध्ये जाहीरपणे सांगितलं : आज मी लहान असते, तर माझ्या घरच्यांना हा खेळ परवडला नसता.