सावल्यांचं यंत्र

छताला टांगलेला एक मोठा पारदर्शक दंडगोल. त्याच्या अंगावर रंगवलेल्या बायका, प्राणी, तुटके अवयव. छोटी विजेची मोटर त्याला संथ लयीत फिरवत ठेवते. एका बाजूने प्रोजेक्टरचा झोत येतो, रंगांतून आरपार जातो आणि पलीकडच्या भिंतीवर सावल्या चालू लागतात. नलिनी मलानी यांच्या गाजलेल्या मांडणीशिल्पांचं यंत्र एवढंच आहे. त्यात लपवलेलं काही नाही. मोटरही दिसते आणि दोरीही.

तरीही भिंतीकडे बघताना डोळा चकतो. दंडगोलाला दोन बाजू असतात, एक झोताजवळची आणि एक भिंतीजवळची. तो फिरतो तेव्हा या दोन्ही बाजू उलट दिशांना सरकतात. झोताजवळची आकृती भिंतीवर मोठी आणि अंधुक पडते, भिंतीजवळची लहान आणि रेखीव. म्हणजे जी बाई आत्ता राक्षसी आकाराने डावीकडे गेली, तीच थोड्या वेळाने लहान होऊन उजवीकडे परतते, आणि वाटेत दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातून जाते. पाठलाग करणारी कोण आणि पळणारी कोण, हे ठरवता येत नाही. त्यात वरून चित्रफितींचे झोतही त्याच भिंतीवर पडत असतात.

आकृत्या रंगवण्याची रीतही उलटीच. काचेच्या मागच्या बाजूने चित्र काढण्याची ही कला अठराव्या शतकात चीनमधून भारतात आली. मलानींनी ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार भूपेन खक्कर यांच्याकडून उचलली. कॅनव्हासवर आधी पार्श्वभूमी आणि शेवटी डोळ्यातली बाहुली येते. इथे बाहुली आधी, चेहरा नंतर, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. पहिला फटकाराच प्रेक्षकाला सर्वांत पुढे दिसतो, त्यामुळे वरून रंग देऊन चूक झाकण्याची सोय नाही. काचेऐवजी मायलार किंवा लेक्सान हे पारदर्शक प्लास्टिक वापरलं की चित्र गुंडाळून दंडगोल करता येतो.

मलानींचा जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब आधी कोलकात्याला आणि मग मुंबईला आलं. १९६९मध्ये त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी चित्रकार अकबर पदमसींच्या 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये कॅमेऱ्याशी खेळू लागल्या. पुढे मुंबईच्या लोहार चाळीतल्या स्टुडिओभोवतीचं जग त्यांच्या जलरंगांत आलं. १९९२मध्ये 'सिटी ऑफ डिझायर्स'साठी त्यांनी केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. १९९३मध्ये अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासोबत ग्रीक पुराणातल्या मेडियाच्या कथेवर नाट्यप्रयोग झाला. चौकटीत बसून राहणारं चित्र त्यांना अपुरं वाटत होतं, हे या क्रमातूनच दिसतं. १९९८मध्ये, पोखरणच्या चाचण्यांच्या वर्षी, फाळणी आणि अणुबॉम्ब यांना जोडणारी 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही चित्रफीत-मांडणी आली. फिरत्या दंडगोलांची 'द सेक्रेड अँड द प्रोफेन' ही त्याच वर्षाची.

छायानाट्य आपल्याकडे नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर नाचवत रामायण सांगतात. पण तिथे बाहुल्या हलवणारा हात माणसाचा असतो, आणि गोष्टीला पुढे नेणारा एक आवाज असतो. मलानींनी तो सूत्रधार काढून टाकला. मोटरला कथेचा शेवट ठाऊक नसतो. ती फक्त तीच माणसं पुन्हा पुन्हा समोर आणते. त्यांच्या कामाचा विचार मला इथे सापडतो. हिंसेची गोष्ट सांगणारा एकच कुणी असला की ती त्याच्या सोयीची होते, म्हणून सांगणाऱ्याची जागाच रिकामी ठेवायची.

२०१२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनात दाखवलेली 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' याचा उत्तम दाखला. सहा चित्रफिती, पाच दंडगोल. शीर्षक उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून आलेलं. खरं बोलूनही जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ती ग्रीक कसांड्रा आणि महाश्वेतादेवींच्या कथेतली संथाळ बंडखोर द्रौपदी इथे एकमेकींच्या अंगावरून जातात. दोघींची गोष्ट एकच आहे असं कुणी म्हणत नाही. क्षणभर दोघींची सावली एक होते, एवढंच.

या पद्धतीची एक अडचण मान्य करायला हवी. संदर्भांची गर्दी होते. कसांड्रा माहीत नसलेल्याला ती नुसती एक व्याकूळ बाई दिसते, आणि आवाज, मजकूर, प्रतिमा एकदम अंगावर आल्या की विचार करायला उसंत मिळत नाही. कधीकधी देखणेपणच विषयावर मात करतं. पण यंत्र थांबत नसल्यामुळे दुसरी संधीही मिळत राहते. फोटोत मात्र ती मिळत नाही: छापील चित्रात कुठली तरी एक सावली कायमची पुढे राहते आणि सूत्रधार मागच्या दाराने परत येतो. म्हणून हे काम प्रत्यक्ष बघायला मिळालं तर आधी भिंतीकडे पाठ करावी, झोत कुठून येतो ते शोधावं, एखादी आकृती दंडगोलावर हेरून ठेवावी, आणि मग वळून तिच्या दोन्ही सावल्या येईपर्यंत थांबावं.